हलला, पुन्हा

"काका, हे फोटो आहेत की रिपोर्ट?"

सरांनी असं विचारताच वर्गातली सतरा डोकी मागच्या बाकाकडं वळली. तिथं एक्स-रेकाका बसले होते. चौतीस वर्षं इस्पितळात लोकांच्या हाडांचे फोटो काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ साठी उलटल्यावर फोटोग्राफीच्या शाळेत दाखल झाला होता. वयानं तो सरांपेक्षा बावीस वर्षांनी मोठा. त्यामुळं त्याला नापास कोणत्या तोंडानं करायचं, हा संस्थेपुढचा प्रश्न होता.

भिंतीवर काकांचे सहा फोटो टाचले होते. प्रत्येकात एक माणूस बरोबर मधोमध, ताठ, समोरून. शेजारी तोच माणूस, बाजूनं.

"दोन्ही बाजू लागतात," काका म्हणाले. "एका बाजूवर विसंबलं की फसायला होतं."

वर्ग हसला. सरांनी हसू आवरलं. "उजेड नेमका, हात स्थिर, सगळं उत्तम. पण कल्पना कुठाय, काका? या सत्राचा विषयच संकल्पना आहे."

कल्पना हा काकांचा कच्चा विषय. एक्स-रेच्या खोलीत कल्पना करणाऱ्याला नोकरीवर ठेवत नसत. वर्गातल्या बाकी मंडळींना मात्र कल्पना पडशासारख्या होत, आणि एकाची दुसऱ्याला लागत. एकानं झाडाला साठ चमचे टांगून त्याला 'भूक' असं नाव दिलं होतं. लोकरीची टोपी बारा महिने डोक्यावरून न उतरवणारी एक मुलगी होती. तिनं मोडक्या खुर्चीवर ओली छत्री ठेवून 'नातं' काढलं होतं. काकांनी ते नातं मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, "मागचा उजवा पाय सांध्यातून निखळलाय." टोपीवालीला हे समीक्षण इतकं आवडलं, की त्या दिवसापासून ती त्यांच्या शेजारी बसू लागली.

"जे फक्त तुम्हालाच दिसतं ते काढा," सर म्हणाले. "महिनाअखेर प्रदर्शन आहे."

अडचण अशी, की काकांना जे दिसे ते काढता येण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी उन्हं तिरपी झाली, की बसथांब्यावरची माणसं त्यांना हळूहळू पारदर्शक वाटू लागत. कपडे विरत, कातडी धुक्यासारखी पातळ होई, आणि आत फासळ्यांची पांढरी कमान उजळे. त्या कमानीत हृदयाची सावली झोपलेल्या मांजरासारखी, किंचित डावीकडं कललेली. अशी रांगच्या रांग आतून उजळून बसची वाट बघत उभी असे. चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. भाजीच्या दुकानात एका गृहस्थाला त्यांनी आपुलकीनं विचारलं होतं, "काय, सहावी फासळी बसली का नीट?" गृहस्थांच्या हातातली पिशवी खाली पडली होती.

रविवारी मुलीचा फोन येई.

"बाबा, लोक निवृत्त झाल्यावर बागेत फिरतात."

"त्या लोकांच्या गुडघ्यांचे एक्स-रे मीच काढलेत."

मुलगी हसे, आणि मग दर वेळी तेच विचारी. "आईचा एखादा फोटो सापडला का? छोटासुद्धा चालेल."

"बघतो," काका म्हणत. बघण्यासारखं काही नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

इस्पितळात नियम होता. रोगी हलला आणि प्लेट धूसर आली, की कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीनं लिहायचं, 'हलला, पुन्हा', आणि प्लेट बाद करायची. काकांनी घरच्या कॅमेऱ्यालाही तोच नियम लावला. बायको फोटोत कधी स्थिर राहिली नाही. बटण दाबायला आणि तिला हसू फुटायला एकच गाठ पडे. नाहीतर नेमके तेव्हाच केस मागं सारावेसे वाटत.

"हललीस. पुन्हा काढू."

"अहो, जिवंत आहे म्हणून हलतेय!"

काका तो फोटो फाडून टाकत. पुन्हा, पुन्हा करता करता काढायचा राहूनच गेला. तिचा अजिबात न हललेला एकच फोटो निघाला. तो काकांनीच काढला होता. पण त्यात चेहरा नव्हता, छाती होती. भिंतीवर तसला फोटो कोण लावतं?

कल्पना आली ती कालव्याच्या काठी. टोपीवाली पाण्यावरच्या उजेडाचा फोटो घेत होती. तिनं श्वास रोखला, बटण दाबलं, आणि 'हुश्श' केलं.

"श्वास का रोखतेस गं?"

"हात हलू नये म्हणून. सगळेच रोखतात, काका."

"आणि सोडल्यावर तुझा चेहरा कसा होतो, पाहिलायस?"

"मी कशी पाहणार? माझा चेहरा माझ्याकडं असतो!"

काका जागच्या जागी उभे राहिले. तो चेहरा त्यांनी पाहिला होता. एकदा नाही, लाखभर वेळा. माणूस प्लेटला छाती लावून, हनुवटी वर करून उभा. काका बाजूच्या जाड काचेमागं. "श्वास घ्या. रोखा. सोडा." सोडल्यावर माणूस काचेकडं वळे, आणि त्या वळण्यात, निमिषभर, तो कुणीच नसे. ना कुणाचा बाप, ना कुणाचा साहेब. खांदे उतरलेले, डोळे कुठंतरी लांब, झोपेतून उठलेल्या पोरासारखे. एक्स-रे निघे तो 'रोखा'चा. चेहरा उगवे तो 'सोडा'ला. चौतीस वर्षं ते नेमका एक क्षण आधीचा फोटो काढत आले होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या इमारतीच्या जिन्याच्या वळणावर पांढरी चादर बांधली. तिथल्या खिडकीतून दुपारी दुधासारखा उजेड येई. पहिला बळी कुलपं दुरुस्त करणारा.

"हसू का, काका?"

"नको. हनुवटी वर. श्वास घ्या. रोखा."

त्या आवाजापुढं कुणाचं काही चालत नसे. कुलूपवाला ताठ झाला. शाळेत घंटा देणारी बाई आली, ती तर डोळे मिटूनच ताठ झाली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांनी आधी कारण विचारलं, मग लेखी मागितलं, आणि शेवटी तेही श्वास रोखून उभे राहिले. काका "सोडा" म्हणत, अर्धा क्षण थांबत, आणि मग बटण दाबत. उजेडात एकेक चेहरा पाण्यावर कमळ यावं तसा वर येई.

"मला वाटतं, मी आत्ता आठ वर्षांचा होतो," न्यायाधीश चष्मा पुसत म्हणाले, आणि साक्ष बदलण्याआधी घरी निघून गेले.

एकेचाळीस चेहरे झाले. सरांनी ते टेबलावर मांडले आणि एकेक करून मोजले. मग म्हणाले, "बेचाळिसावा कुठाय?"

"कोणता?"

"सोडा म्हणणाऱ्याचा. त्याच्यावाचून ही मालिका अर्धी आहे, काका. तो नसेल तर मी ही भिंतीवर लावणार नाही."

काकांनी कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला आणि चादरीपुढं उभे राहून स्वतःच स्वतःला सांगितलं. घ्या, रोखा, सोडा. एकोणीस फोटो काढले. एकोणीसही फोटोंत तोच चेहरा: 'रिपोर्ट डॉक्टर सांगतील.' नोकरीच्या पहिल्या दिवशी वरिष्ठांनी बजावलं होतं, "आपलं तोंड बंद पाकिटासारखं हवं. पत्ता दिसावा, मजकूर दिसू नये." ते पाकीट आता खुद्द मालकालाही उघडेना.

"काय होतंय, काका?" टोपीवालीनं विचारलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती.

काकांनी चादरीची सुरकुती नीट करत, हवापाण्याविषयी बोलावं तसं सांगितलं.

"नऊ वर्षं झाली. हिला खोकला होता, महिनाभर. म्हटलं, चल, एक प्लेट काढून टाकू. नवीन यंत्र आलं होतं, चित्र लगेच पडद्यावर यायचं. घे म्हटलं, रोख म्हटलं. आणि उजवीकडं वर लिंबाएवढी सावली आली."

"मग?"

"मग मी बघत राहिलो. किती वेळ, कोण जाणे. काचेपलीकडून आवाज आला. 'अहो, सोडू का?'" काका थांबले. "उभ्या नोकरीत तो शब्द म्हणायचा एकदाच राहिला."

काकांनी चादरीची दुसरी सुरकुती ओढली.

"सोड म्हटलं. ती वळली, माझ्याकडं पाहिलं. मजकूर तिनं पत्त्यावरूनच वाचला असणार. म्हणते कशी, 'हलले नाही ना?' म्हटलं, नाही. 'बघा, जमलं शेवटी.' नंतर अकरा महिने."

टोपीवाली उठली. तिनं डोक्यावरची टोपी काढून पायरीवर ठेवली आणि कॅमेरा तिकाटण्यावरून उचलून डोळ्याला लावला.

"उभे राहा. तुमचं ते मी म्हणते."

"म्हण. आवाज चढवू नको. लोक घाबरलेले असतात."

"हनुवटी वर. श्वास घ्या. रोखा."

काकांनी श्वास रोखला. खिडकीतला उजेड चादरीवर पसरला, चादरीतून त्यांच्यात उतरला. आपला शर्ट विरतोय, आतली पांढरी कमान उजळतेय, असं त्यांना वाटलं. मांजर कूस बदलत होतं. फार लांबून, पाण्याखालून यावी तशी, एका यंत्राची घरघर ऐकू आली. शब्द काही आला नाही. कॅमेऱ्यामागच्या पोरीनं स्वतःचाही श्वास रोखला होता.

"सोडू का?" काकांनी विचारलं.

बटण दाबता दाबता तिनं नुसती मान हलवली, आणि मानेबरोबर कॅमेराही.

फोटो आला तो असा. हनुवटी दोन ठिकाणी, डोळे उघडे की मिटलेले ते कळत नाही, आणि खांदे, हातातलं जड काहीतरी नुकतंच खाली ठेवल्यासारखे.

"हलला, काका," ती कशीबशी म्हणाली. "पुन्हा काढू."

काकांनी फोटो उजेडाकडं धरला. सवयीनं बराच वेळ धरला. "राहू दे," ते म्हणाले.

प्रदर्शनाच्या सकाळी सर कागदाच्या पट्ट्या वाटत हिंडत होते. "नावं लिहा, नावं! प्रत्येकाच्या कामाला नाव हवं." पोरांनी एकेक भारी शब्द लिहिले. काकांनी बेचाळिसाव्या फोटोखाली पट्टी चिकटवली आणि खिशातून तांबडी पेन्सिल काढली. लिहिलं, 'हलला'. सवयीच्या हातानं पुढं स्वल्पविराम दिला, आणि हात थांबला.

मग पेन्सिल खिशात ठेवली, आणि बाजूला सरून प्रदर्शन बघायला लागलेल्या रांगेतल्या पहिल्या माणसाला जागा करून दिली. स्वल्पविराम तसाच राहिला.