नणंदेचं रक्त

शेपूची ओली जुडी.

लायसनवरचा रक्तगट: बी पॉझिटिव्ह.

कंगव्यात अडकलेला एक कुरळा केस.

खामगावच्या बसस्टँडवर, सगळ्यांदेखत, भावाच्या गालावरून फिरलेला बहिणीचा हात.

या चार गोष्टी छायाच्या डोक्यातून जात नव्हत्या, आणि कोणाला सांगायची सोय नव्हती. नवरा वाचला होता. वाचलेल्या नवऱ्याच्या बायकोने कुढावं, हे बरं दिसतं का?

प्रसेनजितला रक्ताचा कॅन्सर झाला होता. नागपूरच्या दवाखान्यात त्याच्या हाडांतला रोगट मगज औषधांनी संपवला आणि थोरल्या बहिणीचा, चांगुणाचा, त्याला दिला. आता त्याच्या अंगात जे रक्त तयार होत होतं ते चांगुणाचं. गटसुद्धा तिचाच झाला, ओ. लग्न ठरलं तेव्हा प्रसेनजितने छायाला कौतुकाने सांगितलं होतं, आपला दोघांचा गट एकच, बी. तेवढंही गेलं.

आणि शेपू! जन्मात न खाल्लेली भाजी तो मागून खायला लागला.

"माह्यं रक्त हाय बाई," चांगुणा जुडी घेऊन दारातच उभी. "शेपू मांगनच तो."

"मंग घेऊन जा ना ताई त्यायले तुमच्याच घरी."

"नेतो ना! पण माह्या घरी आयतं कोणाले बसवत नाही."

प्रसेनजित पलंगावरून हसला. "काऊन वं, माह्या वाटण्या करून राह्यल्या का दोघी?"

छायाला हसू आलं नाही. त्याच्या डोक्यावर नवे केस उगवले होते, तेही कुरळे. चांगुणासारखे.

तपासणी अशी असायची: प्रत्येकाच्या डीएनएत काही छोटे तुकडे एकापुढे एक पुन्हा पुन्हा येतात. कुठे किती वेळा, ते माणसागणिक वेगळं. तोच त्या माणसाचा ठसा. भावाबहिणीचे ठसे नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच घेऊन ठेवले होते. आता प्रसेनजितच्या रक्तात कोणाचा ठसा दिसतो, ते अधूनमधून पाहायचं.

पहिल्या खेपेला थोडं रक्त त्याचं स्वतःचं निघालं.

छायाला इतका आनंद झाला की ती बाहेर जाऊन संत्री घेऊन आली. येऊन पाहते तर डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरलेला.

"हे राहायला नको, वहिनी. यातूनच आजार परत येऊ शकतो."

संत्र्यांची पिशवी तिने पायाने खुर्चीखाली सारली.

तेव्हापासून तिच्या मनात दोन मागण्या भांडत राहिल्या. त्याचं काही राहू नये. त्याचं काहीतरी राहावं. त्याला गोळ्या देताना पहिली, दारात चांगुणाचा आवाज आला की दुसरी.

पुढच्या खेपेला तिघंही नागपूरला गेले.

"आता सगळं बहिणीचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शंभर टक्के."

चांगुणाने भावाला कवेत घेतलं आणि तोंडावरचा मास्क भिजेस्तोवर रडली.

"आन केस?" छायाने मधेच विचारलं. "केसबी ताईचेच हायत का?"

"नाही हो. केस त्यांचेच. औषधांनंतर कधीकधी कुरळे येतात. केसाच्या मुळात ठसा जुनाच मिळेल. फक्त रक्त बदललं."

"आन शेपू?"

"शेपू?"

"काही नाही मॅडम," प्रसेनजित म्हणाला. "बायको मले मोजून घेऊन राह्यली."

चांगुणाने डोळे पुसले. "केस घे तू, छाया. सारे घे. न्हाव्याचा खर्चबी तुहाच."

छाया हसली. परतीच्या बसमध्ये मात्र ती दोघांच्या मधल्या सीटवर बसली, आणि खामगाव येईपर्यंत हलली नाही.

उन्हाळ्यात मगज द्यायला चांगुणा सुईला भिऊन नाही म्हणाली होती, तेव्हा वडनेर भोलजीला तिच्या घरी जाऊन, तिच्यापुढे हात जोडून, तिला तयार करून आणणारी छायाच होती.