तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत कोण?

आमच्या ग्रुपमध्ये एकशे बारा माणसं आहेत आणि त्यातल्या एकालाही दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नाही. मी तिथली मॉडरेटर, म्हणजे भांडणं सोडवणारी. पगार शून्य, शिव्या पोटभर. सगळे मला 'हेडबाई' म्हणतात आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत, एवढं कळतं मला.

भांडण एकाच गोष्टीचं. अडतीस वर्षांपूर्वी 'मिठाचा बुरूज' नावाचा एक कॉम्प्युटर गेम निघाला होता. कॅसेटवर यायचा. लोड व्हायला सात मिनिटं लागायची, आणि एवढं ताटकळून पडद्यावर काय, तर चौकोनी नाकाचा एक माणूस शिडी चढतोय. पण खोक्यावरचं चित्र! मशाल घेतलेला नायक, लाकडी पूल, मागे पांढराशुभ्र बुरूज, आणि बुरुजाच्या तिसऱ्या मजल्यावर काळोख्या खिडकीत बसलेलं कोणीतरी. नखाएवढं. आता गेममध्ये बुरुजाला दोनच मजले आहेत. मग तिसऱ्यावर कोण बसलंय?

झालं. नऊ वर्षं हेच दळण दळतोय आम्ही.

ग्रुपमध्ये दोन तट आहेत. पहिल्याचा म्होरक्या चष्मेवाला. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांचे नंबर काढतो आणि उरलेल्या वेळात या खिडकीत डोकं घालून बसतो. त्याच्या मते ती कैदेतली राणी, आणि यावर त्याने चाळीस पानं लिहून ठेवलीत. दुसऱ्याचा म्होरक्या पोस्टमास्तर, निवृत्त, त्यामुळे चोवीस तास मोकळा. त्याच्या मते तो मेलेल्या पहारेकऱ्याचं भूत.

"राणी असेल तर मुकुट कुठाय?" पोस्टमास्तर विचारणार.

"कैदेत कोण मुकुट घालून बसतं?"

"आणि भुताला बसायला खुर्ची लागते का, ते सांगा आधी!" असं मधूनच तिसरं कोणीतरी टाकणार, आणि मग रात्रीपर्यंत दोनशे मेसेज.

मी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. दिवसाला साठेक माणसांची हाडं बघते. बघायचं पण बोलायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम. पेशंट काकुळतीला येऊन विचारतो, "काय दिसतंय हो?" आणि मी म्हणते, "डॉक्टर सांगतील." दिवसभर तोंडाला असं कुलूप लावल्यावर संध्याकाळी ते कुठेतरी उघडायला नको? म्हणून हा ग्रुप. त्या खिडकीत राणी असो की पोस्टमास्तरची आत्या, मला काही सोयरसुतक नव्हतं. मला फक्त शेवटचा शब्द माझा असायला हवा होता.

तर एका शनिवारी चष्मेवाल्याने त्या चित्राचा नवा, मोठा स्कॅन पाठवला. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. बाबा शेजारी टेबललॅम्पचं बटण खोलून बसले होते. मी आई-बाबांकडेच राहते. लग्नाचा विषय आमच्या घरात बोलून बोलून संपलेला आहे. बाबांनी सहज मान वर केली आणि स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"हे तुझ्याकडे कुठून आलं? हे माझं काम आहे."

बाबा छापखान्यात रिटचिंग करायचे, हे मला माहीत होतं. फिल्मवर पडलेले डाग, चरे, धुळीचे ठिपके ब्रशने आणि ब्लेडने घालवायचे. चित्र काढणारा वेगळा, छापणारा वेगळा, हे मधले. नाव कुठेही नाही. पण माझ्या आवडत्या खोक्यावर त्यांचा हात फिरलाय, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात माणसं तोंड उघडतात ती जेवायलाच.

मी खिडकीवर बोट ठेवलं. "हे कोण आहे, बाबा?"

"कोणी नाही. तिथे ओरखडा होता."

मग त्यांनी समजावून सांगितलं. खिडकी काळी. काळ्यावर ब्लेड निसटलं, पांढरी रेघ उठली. काळ्यात काळं कधी मिसळत नाही, कितीही रंग भरा, छापल्यावर रेघ दिसतेच. म्हणून जे पांढरं झालंय ते तसंच धरायचं आणि त्याचं काहीतरी करून टाकायचं. "असं काहीतरी, की बघणाऱ्याचा डोळा तिथे थांबता कामा नये."

"ब्लेड कोणाचं निसटलं?"

"माझंच," बाबा म्हणाले. "तेवढं एकदाच. मालकाला कळलं असतं तर घरी बसवलं असतं त्याने."

मी त्यांना ग्रुप दाखवला. नऊ वर्षांचं भांडण, चाळीस पानं, नकाशे, बाण. मला वाटलं, हसतील. बाबांचा चेहरा उतरला. "एवढी माणसं तिथे थांबली?" ते म्हणाले. "म्हणजे काम वाईटच झालं होतं."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. कुठल्या वर्षीचं, असं तिने विचारलं. मी सांगितलं. "त्या वर्षी होय," ती म्हणाली आणि घड्या घेऊन आत गेली.

ते वर्ष म्हणजे काय, ते सांगते. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. सात दिवस होता, मग गेला. त्यानंतर तीन महिने आई नुसती बसून होती. धड बोलत नव्हती, धड जेवत नव्हती. आणि त्या तीन महिन्यांत बाबांनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही. पुढेही कधी नाही. हे मला मावशीने सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. मी आईला जाऊन विचारलं, तुला यांचा राग नाही आला? तेव्हा ती अगदी शांतपणे म्हणाली, "अगं, त्यांना दिसलंच नाही. दिवसभर फिल्मवर डोळे फोडून यायचे, घरी आल्यावर समोरचं माणूससुद्धा दिसायचं नाही त्यांना. दिसलं असतं तर बोलले असते." हे वाक्य मी तिच्याकडून पुढे वीसेक वेळा तरी ऐकलंय, मावशीला सांगताना, शेजारणीला सांगताना. या एका वाक्यावर तिने संसार केला. मला ते कधीच पटलं नाही, पण तिला पुरत होतं ना, मग मी कोण?

त्या रात्री मी ग्रुपवर जाहीर केलं: खिडकीत कोणी नाही, तो बुजवलेला ओरखडा आहे, बुजवणारे माझे वडील आहेत, विषय बंद.

विषय कसला बंद होतोय! अंगावरच आले सगळे. "उचलली जीभ, लावली टाळ्याला", "हेडबाईंच्या वडिलांनी आणखी काय काय बुजवलंय?" वगैरे. राणीवाले आणि भूतवाले नऊ वर्षांत पहिल्यांदा एक झाले. शेवटी चष्मेवाल्याने हुकमाचं पान टाकलं. तो छापखाना बंद पडला तेव्हा रद्दीतून या चित्राची मूळ फिल्म त्याने उचलली होती आणि आजवर कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. "रविवारी वडिलांना घेऊन दुकानात या," त्याने लिहिलं. "ओरखडा दाखवला तर माझी चाळीस पानं मी स्वतः फाडतो."

बाबा एका पायावर तयार झाले. नीट बुजवलं होतं की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. आईही निघाली. तिच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता. "जातोच आहोत तर तेवढं काम होऊन जाईल," म्हणाली. मी तिला नको म्हटलं नाही. मी तेव्हा स्वतःच्या विजयाच्या मिरवणुकीत होते.

रविवारी दुकान बंद असतं, म्हणून शटर अर्धं खाली. सगळे वाकून आत शिरत होते. आम्ही तिघं, पोस्टमास्तर आणि आणखी पाच-सहाजण. चष्मेवाल्याने आईला गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं आणि आधी तिच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करून दिला. माणूस भांडखोर आहे, पण कामाला चोख. मग काउंटरवर लाइटबॉक्स, म्हणजे खालून उजेड येणारी काचेची पेटी, ठेवला आणि कागदाच्या पाकिटातून ती फिल्म काढली, ताटाएवढी. बाबांनी ती नुसती हातात धरली, तेवढ्यावरून पोस्टमास्तर माझ्या कानात म्हणाला, "थाप नसावी ही." कडांना दोन तळहात, बोट कुठेही नाही.

बाबांनी फिल्म दिव्यावर तिरकी धरली. "इकडून बघा. चमक सगळीकडे सारखी आहे. खिडकीत एका रेघेत चमक नाही. तिथला थर गेलाय, वर नुसता रंग आहे."

चष्मेवाल्याने बघितलं. पोस्टमास्तरने बघितलं. रेघ होती. चौकटीच्या वरपासून खालपर्यंत, सरळ.

"म्हणजे पहारेकरीपण नाही?" पोस्टमास्तरने विचारलं.

"नाही हो. कोणीच नाही."

काय सांगू, माझी छाती नुसती फुगली होती. मी फोन काढून फोटोसुद्धा घेतला, पुरावा म्हणून. चष्मेवाला मात्र भिंगाला डोळा लावून तसाच वाकून राहिला. हरलेला माणूस लवकर उठत नाही.

"काका," तो तसाच खाली बघत म्हणाला, "ओरखडा बुजवायला साधा पडदा काढला असता तरी चाललं असतं. इथे हिच्या खांद्यावर शिवण दिसतेय मला. मानेपाशी बारीक पट्टी आहे, कपड्याला लेबल असतं तशी. छपाईत यातलं काहीच उतरलं नाही. उतरणार नाही, हे तुम्हाला माहीतच असणार. मग एवढं कशाला काढलंत?"

 मी त्याला बाजूला सारून भिंगात बघितलं. खुर्चीत एक बाई बसली होती, फिकट निळ्या स्वेटरमध्ये, हात मांडीवर. मान किंचित वळलेली. शिवणी बाहेरच्या बाजूला, लेबल बाहेर.

"अय्या बाबा, हिने स्वेटर उलटा घातलाय!" मी म्हटलं, आणि मोठ्याने हसले.

"तसाच घालून बसायची," बाबा म्हणाले. कामाच्या नादात माणूस बोलून जातो, तसं. "तीन महिने."

"कोण?" पोस्टमास्तरने विचारलं. त्याला बिचाऱ्याला उत्तरच हवं होतं.

बाबांना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. त्यांनी आईकडे बघितलं. माझं हसू तोंडातच राहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात माझाच होता.

आई खुर्चीतून उठली. आत्ताच दुरुस्त झालेला चष्मा काढून तिने काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडून भिंग घेतलं. ते कसं धरायचं तिला माहीत नव्हतं, मी हात लावायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. बराच वेळ बघत होती. बाहेरून कोणीतरी शटर वाजवून गेलं, चष्मेवाला जागचा हलला नाही.

"हा मला दादाने आणला होता," आई म्हणाली.

"हो," बाबा म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं."

"दिसत होतं."

"लेबलसकट दिसत होतं."

बाबांनी मान हलवली. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. नवऱ्याने आपलं चित्र काढलंय म्हटल्यावर एखादी बाई सुखावली असती. चष्मेवाल्याला तसंच वाटलं असणार, तो जरासा हसलाही. मला मात्र कळलं होतं. आईकडे एवढी वर्षं जे एक वाक्य होतं, ते मी तिला घरातून इथे आणून सात-आठ माणसांसमोर मोडायला लावलं होतं.

"मी सगळ्यांना सांगत आले," आई म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुम्हाला दिसलं नाही, म्हणून बोलला नाहीत. म्हणून मी सोडून दिलं होतं तुम्हाला."

"काय बोलणार होतो मी?" बाबा म्हणाले. "असं काय होतं बोलण्यासारखं? काय बोललो असतो तर तुला..." त्यांनी कडा धरून फिल्म दिव्यावर सरळ केली. "मला काही बोलता आलं नसतं गं."

"स्वेटर उलटा आहे," आई म्हणाली, "एवढं तरी बोलायचं होतं."

 पोस्टमास्तर आपल्या बुटांकडे बघत होता. आईने भिंग खाली ठेवलं आणि ती तिथेच उभी राहिली, बाबांच्या शेजारी, हातभर अंतरावर. बाबांनी मान खाली घातली आणि ते दिव्यावरच्या त्या नखाएवढ्या खिडकीकडे बघत राहिले.