घोडी धरणाऱ्याची लेक

टण्ण! वाटाण्याचा दाणा शेंगेतून उडून स्टीलच्या परातीत पडला आणि दुपारची शांतता मोडली. अश्विनीनं चटकन सतरंजीवर झोपलेल्या लेकीकडे, संस्कृतीकडे पाहिलं. पोरीनं नुसती कूस बदलली. जीव भांड्यात पडला, आणि अश्विनीचे ओठ पुन्हा हलायला लागले.

"कसला जप चाललाय गं?" धोंडाबाईंनी सुनेला विचारलं.

"उद्या इंग्रजी शाळेत पाठ घ्यायचाय ना, आत्या. पसंत पडला तर नोकरी. त्यांचे वाक्प्रचार शिकवायचेत. पीस ऑफ केक, म्हणजे अगदी सोपं काम."

"केक सोपा? पोरीच्या वाढदिवसाला केलास, त्याची वीट झाली व्हती की!"

"करणं नाही हो, खाणं सोपं. अंडर द वेदर, म्हणजे बरं नसणं. आणि होल्ड युवर हॉर्सेस. घोडे धरा, म्हणजे दमानं घ्या."

"आली बया बापाच्या कामावर!" धोंडाबाई खुदकन हसल्या.

अश्विनी हसली नाही. तिचे वडील धर्माजी, म्हणजे तिचे अण्णा, अवसरीचे. बैलगाड्यांच्या शर्यतीत गाड्यापुढं घोडी पळवण्यात त्यांची हयात गेली होती. लग्न होऊन पिंपळवंडीत आली तेव्हा 'घोडीवाल्याची पोर' म्हणून किती जणींनी तोंडं वाकडी केली होती! उद्या शर्यतीच्या घाटाचं नावसुद्धा काढायचं नाही, तिनं ठरवलं. तसंही वर्गात मराठीचा शब्द नको, असं शाळेनं बजावलं होतंच.

दुसऱ्या दिवशी पाचवीचा वर्ग. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर. केक झाला, वेदर झालं. घोड्यांपाशी मात्र पोरांचे चेहरे कोरे.

"मॅम, वुई हॅव नो हॉर्सेस," पहिल्या बाकावरची जागृती म्हणाली. वर्ग खिदळला.

अश्विनीच्या हातातला खडू थांबला. डोळ्यांपुढं अण्णा उभे राहिले. खाली गडी बैल जुंपतायत, सगळा घाट ओरडतोय, आणि अण्णा घोडीच्या मानेवर हात ठेवून तिला थोपवून धरतायत. बैल घोडीमागं धावतात. जू नीट बसायच्या आत घोडी सुटली, तर बैल उधळलेच म्हणून समजा.

"हू हॅज सीन अ घाट?" तिनं विचारलं.

एकूण एक हात वर.

"माय फादर होल्ड्स द मेअर देअर," ती म्हणाली. बोलताना मान आपोआप ताठ झाली.

मग जागृतीची घोडी झाली, चौघांचे बैल झाले. "नॉट येट! होल्ड युवर हॉर्सेस!" अश्विनी एकेका बैलाला जुंपत होती, पोरं जागच्या जागी थुईथुई करत होती. शेवटचं जू बसलं आणि लहानपणापासून अंगात मुरलेली, शर्यत सुटल्याची आरोळी तिच्या तोंडून सुटली, "भिर्रर्र झाली!"

घोडी सुटली, बैल सुटले, त्यांच्यामागं अख्खा वर्ग बाकं पाडत दाराकडे धावला. मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. गेली नोकरी!

मॅडमनी दारातच जागृतीला अडवलं. "सो? व्हॉट डिड यू लर्न?"

"टू वेट, मॅम," जागृती धापा टाकत म्हणाली. "ईव्हन व्हेन एव्हरीबडी इज शाउटिंग."

मॅडमनी पडलेल्या बाकांकडे पाहिलं, अश्विनीकडे पाहिलं. "सोमवारपासून या," त्या चक्क मराठीत म्हणाल्या. "पण बाकं भिंतीला लावून ठेवत चला."

तिनं शाळेतूनच फोनवर सगळं सांगितलं होतं; ती घरी पोचायच्या आत धोंडाबाईंनी आळीभर करून टाकलं. "आमची सून मास्तरीण झाली! घोडीवाल्याची पोर हाय, मागं कशी राहील?" तोच शब्द, पण आज त्याला वेगळाच रुबाब होता. धर्माजींनाही त्यांनी कळवलं होतं; ते फोनवर होतेच.

"वर्गात माझं नाव काढलंस म्हनं?"

"काढलं, अण्णा."

अण्णांनी पलीकडे घसा खाकरला. मग, "लई भारी बारी मारलीस, बाळा. शर्यत जिंकलीस!"

अश्विनीनं पदरानं डोळे टिपले. कधीपासून मांडीवर येऊन बसलेल्या संस्कृतीनं तिची हनुवटी स्वतःकडे वळवली.

"आई, घोडी धरायचं इंग्रजी कळलं. पण आता सोड, पळू दे तिला, याला काय म्हणत्यात?"

अश्विनीनं आठवून पाहिलं. इतके वाक्प्रचार घोकले होते, त्यात तो कुठंच नव्हता.

"सांग ना, आई?"

"भिर्रर्र झाली!" म्हणत अश्विनीनं तिला मांडीवरून खाली सोडलं.