घरातल्या रक्ताला ओपुट नाही

लापोलोनं पाहुणीसाठी कोंबडं कापलं, तिळाच्या वाटणात शिजवलं, अंगणात बसवून वर नाचणीचा उंडा वाढला आणि मगच विषय काढला. उपाशी माणसाला न्याय समजत नाही, असं तिचं मत होतं.

"तर वकीलबाई, ओलान्याला सोडा."

पाहुणी होती अकुल्लू, शेजारच्या मुलखातली, लिराकडची. समुद्रापलीकडच्या कोर्टात लढाईत मेलेल्यांची बाजू मांडणाऱ्यांसाठी ती गावोगाव फिरून जबान्या लिहून घ्यायची. तिची बोली लापोलोला कळायची, फक्त ती शब्द ओढून बोलायची त्याचं हसू यायचं. ओलान्या लापोलोचा शेजारी. पोरवयात बंडखोरांनी पळवून नेलेला, तिथेच टोळीवर नाईक झालेला आणि पंधरा वर्षांपूर्वी बंदूक टाकून घरी आलेला. सरकारचं माफीपत्र त्यानं प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला टांगलं होतं. आणि आता त्या कोर्टानं त्याच्या नावाची फाइल उघडली होती. अस्वा नदीकाठी मारल्या गेलेल्या एका मुलाबद्दल. मुलाचं नाव ओकेनी, लापोलोचा थोरला.

"सरकारनं माफ केलं होतं ना त्याला?" लापोलोनं विचारलं.

"सरकारनं केलं, मावशी. पण असल्या गुन्ह्याला सरकारी माफी चालत नाही, असं ते कोर्ट म्हणतं. मेलेल्याच्या आईला न विचारता माफ करणारे तुम्ही कोण, असं."

"मग विचारा की आईला! ही काय समोर बसलीय. मी केलंय माफ. लिहा."

आणि ती सांगत सुटली. दोन्ही कुळं कशी जमली, ओपुटची, म्हणजे खुनानंतरच्या समेटाची, कडू मुळी कुटून बिअरमध्ये कशी कालवली, ती आणि ओलान्या हात पाठीमागे बांधून, कपाळाला कपाळ लावून एकाच तुंब्यातून कसे प्यायले. पण आधी त्याला सगळं बोलावं लागलं. लपवलं तर ओपुट लागत नाही. ओकेनी पळून जाताना पकडला गेला, नदीकाठी त्याला आडवं पाडलं, मुसळाचे तीन घाव घातले, दोनदा तो 'आई गं' म्हणाला. सगळं ओलान्या बोलला, ढसाढसा रडत.

"एवढं खरं कोण बोलतं आजकाल? त्या दिवसापासून माझं पोर स्वप्नात यायचं थांबलं. माझ्या शेतात पहिली पेरणी ओलान्या करतो. न्येको, सांग ना तू पण!"

धाकटा न्येको दाराशी शेंगा सोलत होता. त्यानं मान वर केली नाही. हा असाच, लापोलोच्या मते. भाऊ आणि हा एकाच रात्री पळवले गेले, परत आला तो एकटा हा, आणि येताना जीभ तिकडेच विसरला.

अकुल्लूनं पान उलटलं. "हे सगळं तो स्वतःच्या तोंडानं बोलला? साक्षीदार होते?"

"दोनशे माणूस होतं!" लापोलो अभिमानानं म्हणाली.

अकुल्लूनं पेन खाली ठेवलं. तिचा चेहरा पडला होता. "मावशी, आमच्याकडे त्याच्याविरुद्ध फारसं काही नव्हतं. आता आहे."

"अगं, पण त्यानं कबूल केलं! कबूल केलं की मिटतं."

"तिकडे कबूल केलं की सुरू होतं."

लापोलोच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेली एक आणि झालं भलतंच. ज्या माणसाला वाचवायला कोंबडं कापलं, त्याच्याच गळ्यात तिनं आपल्या हातानं फास अडकवला होता.

"फाडून टाका ते."

"अंगठा देऊ नका, हा कागद कोरा समजेन. पण दोनशे जण आहेत, मावशी. आज ना उद्या कुणीतरी बोलणारच."

"तो नव्हताच तिथं," न्येको म्हणाला.

दोघी वळल्या. शेंगांचं सूप त्याच्या मांडीवरून घसरून सगळीकडे शेंगा झाल्या होत्या.

"ओलान्याची टोळी तेव्हा दोन दिवसांच्या वाटेवर होती. ओकेनी 'आई गं' पण नव्हता म्हणाला. माझं नाव घेत होता. मुसळ माझ्या हातात दिलं होतं. नाही मारलंस तर दोघं मरा, म्हणाले."

लापोलोला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग कळलं की नीटच ऐकलं. तिनं हाताला लागला तो वाडगा त्याच्या अंगावर फेकला. तो त्याच्या कपाळाला लागला, आणि त्यानं चुकवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"पंधरा वर्षं माझ्या हातचं जेवलास!"

"येताना वाटेत ओलान्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, आम्ही दुसऱ्या कुळाचे, आम्हाला ओपुट आहे. घरातल्या घरात सांडलेल्या रक्ताला ओपुट नसतं, प्यायचं कोणी कोणाबरोबर? तुझी आई दोन्ही पोरं गमावेल. मी घेतो अंगावर, म्हणाला."

 मग अकुल्लूनं हळूच विचारलं, "तेव्हा वय काय होतं तुझं?"

"अकरा."

"मग ते कोर्ट तुझ्या वाटेला जाणार नाही. पळवून नेलेलं लेकरू होतास तू. तुझ्यावर खटला होतच नाही."

न्येको हसला. असलं हसू लापोलोनं त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं, आणि देव करो, पुन्हा पाहायला न मिळो. सातासमुद्रापलीकडच्या परक्या लोकांनी त्याला एका वाक्यात सोडून दिलं होतं, आणि आई कुडाच्या भिंतीला टेकून त्याच्यापासून लांब उभी होती.

अकुल्लूनं पेन उचललं. "मावशी, ही जबानी पुढे गेली तर ओलान्या सुटेल. पण ती कोर्टात वाचली जाईल. गावाला कळेल. काय लिहू?"

कुंपणापलीकडे ओलान्या पेरणीचे बैल हाकत होता, शीळ घालत. ती पेरणी लापोलोच्याच शेताची होती.

"लिहा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "ओलान्या नव्हता. मारलं माझ्या न्येकोनं. ओकेनीची आई मी, आणि ह्याचीही मीच."

तिनं अंगठा उमटवला. मग झोपडीत गेली आणि आढ्याला उपडा टांगलेला तुंबा काढून आणला. मुळी नव्हती, बिअर नव्हती, वडीलधारी माणसं नव्हती. माठातलं पाणी तेवढं होतं; ते तुंब्यात ओतून तिनं समोर ठेवलं. सांडलेल्या शेंगांमध्ये ती गुडघ्यांवर बसली, हात पाठीमागे घेतले, मान वाकवली.

न्येको उभाच होता. कपाळातून रक्त येत होतं.

"आई, हे असं चालतं का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "वाक."