एक्क्यांची जोडी आणि वरचा माळ

पवनानगरच्या तंबूवाल्यांनी पर्यटकांसाठी तंबू ठोकायच्या धरणाकाठच्या जागा दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यायच्या, अशी रीत. पाण्याला लागून जागा एकच, आणि ती सगळ्यांनाच हवी. ओंकारला गेली दोन्ही वर्षं वरचा माळ आला. तिथून पाणी बघायला मान लांब करावी लागते आणि वारा तंबू खुंट्यांसकट उपटतो. यंदा गोव्याच्या हॉटेलात काम करून आलेला गौरव म्हणाला, "चिठ्ठ्या कशाला? पोकर लावू. त्यात डोकं लागतं." तेव्हा सगळ्यात मोठ्यानं 'व्हय' म्हणाला तो ओंकारच. डोकं आपल्याला आहे, असा त्याचा समज होता.

खेळ सोपा. हातात दोन पानं, मध्ये पाच उघडी, सगळ्यांतून ज्याचा मेळ भारी त्याची बाजी. नको वाटलं तर पानं मधेच टाकून द्यायची, लावलेलं मात्र उरलेल्याचं. प्रत्येकाला पन्नास चिंचोके. संपले की उठायचं. शेवटी उरेल त्याला पाण्याकडची जागा, बाकीच्यांनी माळावर जायचं.

ओंकारच्या खिशात तळेगावच्या कारखान्याचा कागद होता, सोमवारी रुजू व्हायचा. "जागा मिळाली तर तंबू, न्हाई तर कारखाना," असं त्यानं सकाळी बायकोला सांगितलं होतं. अनितानं भाकरी थापता थापताच सुनावलं.

"मागं कारखाना सोडला, का तर बढती दुसऱ्याला दिली. पोल्ट्री मोडली, का तर एका रोगात कोंबड्या गेल्या. तुमचं नशीब वाईट न्हाई. तुमी डावावरनं लवकर उठता. आता ह्ये बी अर्ध्यात टाकलं, तर पुढच्या धंद्याला मी संगं न्हाई. कान्ह्याला जाईन, आईकडं."

ती चेष्टा करत नव्हती. म्हणून ताडपत्रीखाली खेळायला बसल्यापासून ओंकार सारखा खिशातला कागद चाचपत होता.

दुसऱ्याच डावात त्याला एक्क्यांची जोडी आली. दोन पानांत याहून भारी हात नाही! त्यानं वीस चिंचोके लावले. गौरवकडे भिकार सत्ती आणि नव्वी. मधल्या पाचांत दोन सत्त्या उतरल्या, गौरवच्या तीन झाल्या आणि वीस चिंचोके गेले. मग राण्यांची जोडी आली. शेजारचा तंबूवाला अंबाजी एका राजावर तग धरून बसला आणि शेवटचं पान राजाच निघालं. चांगलं पान दिसलं की ओंकारला आता आनंद होईना, धडकीच भरे.

एकेक गडी उठत गेला. ओंकार कसाबसा तगला. उरले तिघं: तो, गौरव आणि चिमाबाई. चिमाबाई साठीची, पहाटे धरणात जाळं टाकायची आणि दिवसा तंबू सांभाळायची.

तेवढ्यात ओंकारला राजांची जोडी आली. मधली पानं सगळी बारीक. गौरवनं आपला ढीग पुढं सारला. ओंकारनं पानांकडे पाहिलं, गौरवकडे पाहिलं आणि पानं टाकून दिली.

गौरवनं हसत आपली पानं उलटी केली. चौकी आणि दुर्री. हातात काहीच नव्हतं.

हरलेल्या एक्क्यांपेक्षा हे जास्त झोंबलं. या वेळी नशिबानं काही केलंच नव्हतं. त्या डावातून तो आपला आपणच उठला होता.

पुढच्याच डावात गौरव चिमाबाईच्या तावडीत सापडला आणि संपला. पानं गोळा करताना ती म्हणाली, "ओंकार, काल म्या चार बारी जाळं टाकलं. चारी बारी मोकळं."

"मंग, मावशी?"

"मंग पाचव्यांदा टाकलं. त्येच जाळं."

"घावलं काय?"

"न्हाई," ती म्हणाली आणि पानं वाटली.

ओंकारनं कडा उचलून पाहिलं. एक्का. आणि एक्का. सत्त्या आठवल्या, तो राजा आठवला, 'पानं टाकतो' असं अगदी ओठावर आलं. एकदा त्यानं ताडपत्रीबाहेरच्या चुलीशी सगळ्यांचा चहा करणाऱ्या अनिताकडे पाहिलं. मग उरलेले सगळे चिंचोके दोन्ही हातांनी पुढं सारले.

चिमाबाईनंही तेवढेच लावले. तिच्याकडे अठ्ठी आणि नव्वी. मधलं चौथं पान नव्वी पडलं, तरी एक्केच पुढं होते. पाचवं पान चिमाबाईनं सावकाश उलटलं.

अठ्ठी. दोन जोड्या. एक्के हरले.

ओंकार पानांकडे बघत राहिला. नवल म्हणजे हात खिशातल्या कागदाकडे गेला नव्हता. वाईट वाटत होतं, फार वाईट, पण पळून जावंसं वाटत नव्हतं. तो उठून चुलीशी गेला.

"टाकून दिली काय पानं?" अनितानं मान वर न करता विचारलं.

"न्हाई. शेवटपत्तूर धरली. हरलो."

तिनं आता वर पाहिलं. ओंकारनं खिशातला कागद काढून तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला, वाचलाही नाही, चुलीत सारला आणि पिशवीतून कोयता काढून त्याच्या हातात दिला.

"वरच्या माळाला गवत लय वाढलंय," ती म्हणाली. "चहा पिऊन लागा."