नकाशावरची कोरी खाडी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. तुमच्या वर्गाच्या भिंतीवर टांगलेला असतो तसा चकचकीत मुळीच नाही! माझ्या एका कोपऱ्यावर सील या समुद्री प्राण्याच्या चरबीचा डाग आहे, मधोमध चार घड्या आहेत आणि वरची कड तर पार कुरतडल्यासारखी झाली आहे. तरी मी ऐटीत असतो. का नसावं? माझ्यावरच्या रेघा दाखवून देशाच्या उत्तर टोकाच्या या बर्फाच्या मुलखातल्या माणसांनी आपली जमीन सरकारकडून मान्य करून घेतली. आणि माझ्याच एका कोऱ्या जागेपायी त्यांची एक खाडी हातची जायची वेळ आली होती. तेच सांगतो.

दूर दक्षिणेतल्या छापखान्यात मी जन्मलो. तेव्हा माझ्यावर नुसते किनारे होते आणि कधीकाळी जहाजातून येऊन गेलेल्या साहेबांची नावं. इथल्या माणसांचा मागमूस नाही! १९७४ साली हॅरल्ड नावाचा एक तरुण मला काखोटीला मारून इकालुलिक गावात घेऊन आला. सरकार म्हणत होतं, ही जमीन रिकामी आहे. रिकामी नाही हे कागदावर दाखवायचं, तर शिकारी कुठे कुठे हिंडले ते कागदावर यायला हवं. म्हणून हॅरल्ड घरोघरी जाऊन विचारत होता.

काउनाकच्या स्वयंपाकघरात मला जमिनीवर पसरलं. काउनाक गावातला पट्टीचा शिकारी. तो माझ्यावर पालथा पडला आणि रेघा ओढू लागला. कॅरिबू हरणांच्या वाटा लाल, सीलच्या जागा निळ्या, माशांच्या हिरव्या. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! एका दुपारीत मी भरून गेलो. मग पेन्सिल एका खाडीशी येऊन थांबली.

"आणि इथे?" हॅरल्डने विचारलं.

"तिथलं मला माहीत नाही," काउनाक म्हणाला.

इथली माणसं अशीच आहेत. जे स्वतः पाहिलं, स्वतः केलं, तेवढंच सांगायचं. दुसऱ्याचं ऐकून आपलं म्हणून सांगणं ही इथे मोठी लाजेची गोष्ट. दर ऑगस्टला पुरुष हरणांमागे डोंगरांत जात आणि बायका त्या खाडीकाठी तंबू ठोकून मासे धरत. काउनाक तिथे कधी गेलाच नव्हता, म्हणून त्याने ती सोडून दिली.

त्याची बायको उलायुक तिथेच बसली होती. बुटाचा कातडी तळ मऊ करायला ती तो दाताखाली चावत होती. तिचं चावणं थांबलं. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. पण तिला कुणी विचारलं नाही, आणि नवरा सांगत असताना मध्ये तोंड घालणारी ती नव्हती. हॅरल्डने माझी गुंडाळी केली. खाडी कोरीच राहिली.

पुढची वीस वर्षं माझी चंगळ होती, मित्रांनो! मोठमोठ्या टेबलांवर मला पसरलं गेलं. सूटवाले वाकून वाकून माझ्याकडे पाहत. अखेर १९९३ साली करार झाला. इथल्या लोकांना काही जमीन मालकीची मिळाली, पुढे स्वतःचं सरकार मिळालं, आणि अशी मंडळं मिळाली की त्यांनी लोकांचं ऐकून घेतल्याशिवाय इथे खाण खणता येत नाही की बंदर बांधता येत नाही. मालकीची जमीन निवडताना सगळ्यांनी माझ्या रेघा पाहिल्या. कोरी खाडी कुणी मागितली नाही. ती दक्षिणेतल्या सरकारकडे गेली.

मग माझं काम संपलं. एका नळकांड्यात कोंबून मला कपाटामागे उभं केलं गेलं. तीस वर्षं मी तिथे धूळ खाल्ली.

आणि गेल्या एप्रिलात एका कंपनीने त्याच खाडीत बंदर मागितलं. खनिजाची जहाजं वर्षभर ये-जा करणार होती. मासे गेले असते, आणि माशांबरोबर गावाची अर्ध्या हिवाळ्याची बेगमी. शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये मंडळाची सुनावणी बसली. शेवटचा दिवस होता. बाहेर धुकं चढत होतं आणि मंडळाचं विमान चारला सुटणार होतं. त्याआधी जे सांगितलं जाईल तेच नोंदीत जाणार होतं.

तीन वाजले. कंपनीच्या माणसाने मला कपाटामागून शोधून आणलं होतं. त्याने मला सगळ्यांसमोर उलगडलं.

"हा तुमचाच नकाशा," तो म्हणाला. "तुमच्याच शिकाऱ्याने काढलेला. खाडीत एक तरी रेघ दिसते का?"

माझा कागद शरमेने चुरगळायचा बाकी राहिला! पहिल्या रांगेत उलायुक बसली होती. आता ऐंशी वर्षांची झालेली, काउनाक केव्हाच गेलेला. तीन दिवसांत ती एक शब्दही बोलली नव्हती. ती का गप्प होती, ते मला कळत होतं. ती बोलली, तर नवऱ्याला त्याच्या मागे खोटं पाडल्यासारखं झालं असतं. साडेतीन वाजले. मंडळाची अध्यक्षा नुताराक हिने कागद गोळा करायला घेतले.

"ए आई," उलायुक उठली. "थांब जरा."

कंपनीचा माणूस गोंधळला. "आई? अध्यक्षांचं वय चाळीस आहे!"

मागून एक म्हातारा ओरडला, "अहो, उलायुकच्या वारलेल्या आईचं नाव नुताराकला ठेवलंय. मग ती आईच की! तुमच्याकडे काय करतात, सरकारने पूर्वी आम्हाला नावांऐवजी दिले तसे आईलाही नंबर देतात?"

हॉल हसला. नुताराक मात्र हसली नाही. "बोल, लेकी," ती म्हणाली.

"माझा नवरा खोटं बोलला नाही," उलायुक म्हणाली. "त्याने सांगितलं, मला माहीत नाही. तुम्ही लिहून घेतलंत, तिथे काही नाही. हे दोन्ही एक कसं झालं? बायको शेजारी बसली होती. तिला विचारायला काय झालं होतं?"

"आजी, तिथे मासे किती होते, आकडा आहे का?" कंपनीच्या माणसाने विचारलं.

"आम्ही ते मोजत नव्हतो बाबा, खात होतो."

ती माझ्याकडे आली. "जुन्या कागदावर काही लिहायचं नाही!" कंपनीचा माणूस उठलाच. नुताराकने शांतपणे माझ्यावर एक पारदर्शक प्लास्टिक पसरवलं आणि उलायुकच्या हातात पेन दिलं. घड्याळात पावणेचार. तिच्या म्हाताऱ्या बोटांना घाई माहीतच नव्हती. इथे मासे अडवायचा दगडी बांध. इथे आमचा तंबू. इथे माझी थोरली जन्मली. ती बाजूला झाली तर मागे आणखी एक बाई उभी. "मी तिथे दोन उन्हाळे होते. तेवढंच सांगते." तिच्या मागे तिसरी. मग रांगच लागली!

पायलटने दारातून डोकावून हात हलवला.

"विमान उद्या जाईल," नुताराक म्हणाली. "रांग अजून संपलेली नाही."

सप्टेंबरात मंडळाचा निकाल आला: या खाडीत बंदर होऊ नये. शेवटचा शब्द दक्षिणेतल्या मंत्र्याचा असतो. त्यानेही तो निकाल उचलून धरला. जमीन अजून सरकारचीच आहे, पण मासे खाडीत आहेत.

मित्रांनो, आता मला कोरड्या कपाटात आडवं ठेवतात आणि ते प्लास्टिकही माझ्यावरच असतं. तुमच्या गावातही माझ्यासारखे नकाशे असतील. त्यांना ओल लागू देऊ नका, त्यांच्यावर चहाचे कप ठेवू नका. आणि त्यात एखादी जागा कोरी दिसली, तर ती रिकामी आहे असं म्हणायच्या आधी, त्या दिवशी त्या खोलीत आणखी कोण बसलं होतं ते शोधा. ती व्यक्ती अजून असेल, तर आजच जा. तिला विचारा.