धान्याच्या पिंपातला केक

नर्मदाबाई म्हणजे एक नंबरची फटकळ. सेलूच्या बाजारात पावशेर मिरच्यांसाठी ती माळणीला घाम फोडायची, अन् नळावर तिच्यापुढं घागर लावायची कुणाची छाती नव्हती. अशी ही बाई एका केकपायी मुकी झाली, आता बोला.

लेकीचा पाचवा वाढदिवस होता. पोरीनं कुणाकडं तरी चॉकलेटचा केक बघितला होता अन् तोच पाहिजे म्हणून हटून बसली होती. नर्मदाबाईकडं केक भाजायला होतं काय, कपाळ? पण शेजारी गीताबाई होती. बौद्ध समाजाची, शाळेत मास्तरीण. दोघींचं इतकं जमायचं की एकीची भाजी दुसरीच्या ताटात असायची.

गीताबाईच्या अंगणात एक लोखंडी पिंप आडवं ठेवलेलं होतं. त्यात एका बाजूला बाभळीचा विस्तव, दुसऱ्या बाजूला जाळीवर केकचा डबा, अन् तोंडाला पत्रा. धूर आतल्या आत फिरायचा अन् चॉकलेटात असा मुरायचा की खाणारा बोटं चाटत बसायचा.

पिंप मूळचं धान्याचं. अठ्ठ्याहत्तरला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत गीताबाईचं गावातलं घर जाळलं, तेव्हा राखेतनं तेवढंच शाबूत निघालं. “आता याला आगीचं भ्याव राहिलं नाही, ताई,” असं ती हसत म्हणायची. नर्मदाबाईला मात्र हसू यायचं नाही. त्याच गावात तिची मावससासू नांदत होती, अन् दंगलीनंतर तिथं कुणीच कुणाला काही विचारलं नव्हतं.

दोघींनी मिळून मैद्यात दही, साखर, कोको घोटला. धुरानं दोघींचे डोळे लाल झाले, पण केक मस्त फुगला. नर्मदाबाई तो घरी घेऊन आली अन् नेमकी तेव्हाच तिची सासू, चतुराबाई, न सांगता गावाहून येऊन टेकली. म्हातारी मायाळू होती, पण ‘त्यांच्या’ घरचं पाणीसुद्धा तिला चालत नसे.

तिनं नातीला घास भरवला अन् एक तुकडा आपल्या तोंडात टाकला. “लय झ्याक झालाय गं. कुणी केलाय?”

साधा प्रश्न होता. उत्तर जिभेवर होतं.

“परभणीच्या बेकरीतनं आणलाय, आत्याबाई,” नर्मदाबाई म्हणाली.

“बेकरीत बाभूळ जाळायलेत व्हय? धुराचा वास यायलाय याला.”

नर्मदाबाईनं मान वर केली तर दारात गीताबाई उभी, हातात पोरीसाठी स्वतः शिवलेला फ्रॉक. तिनं सगळं ऐकलं होतं, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं.

“ही कोण गं?” म्हातारीनं विचारलं.

“शाळेतल्या बाई हायेत,” नर्मदाबाई म्हणाली. एवढंच. या, बसा, असं म्हणायचंही तिच्यानं झालं नाही.

“काही बेकऱ्यांत लाकडाचीच भट्टी असते, आजी,” गीताबाई शांतपणे म्हणाली. “त्याचा वास लागतो.” तिनं पोरीच्या हातात फ्रॉक दिला अन् उंबऱ्यावरूनच माघारी फिरली.

नर्मदाबाईचे कान तापले. हिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आपलं खोटं आपण बोललो, अन् ते निभावून मात्र तिनं नेलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सासूला एसटी स्टँडवर सोडायला गेली. म्हातारीनं उरलेला केक रुमालात बांधून घेतला होता.

“बहिणीकडं उतरून जाते,” खिडकीतनं ती म्हणाली. “तिथं घरोघर वाटते हे. परभणीचं हाय म्हणून सांगते.”

बहिणीचं गाव म्हणजे गीताबाईचं तेच गाव. ज्यांनी ते घर जाळलं, त्यांच्याच घरी आता त्या पिंपातला केक जाणार होता. ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

“आत्याबाई, केक गीताबाईनं केलाय,” ती म्हणाली.

इंजिनाच्या घरघरीत म्हातारीला काही कळलं नाही. तिनं कान पुढं केला. गाडी अजून जाग्यावरच होती.

“काय म्हनलीस?”

“काई न्हाई,” नर्मदाबाई म्हणाली. “सांभाळून जावा.”

गीताबाईच्या दारावरनं जायला नको म्हणून ती मागच्या बोळातनं घरी आली. गीताबाईचा केकचा डबा घासून पुसून कोनाड्यात ठेवलेला होता. तो परत द्यायला तिला तोंड राहिलं नव्हतं.